खेळातल्या देशाची घटना

ज्या देशाला जमीन नाही, सैन्य नाही, तुरुंग नाही आणि ज्याच्या बहुतेक नागरिकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नाही, अशा देशाने राज्यघटना लिहायला घेतली तर तिला काय म्हणावे? पोरखेळ म्हणून सोडून द्यावे, असे कोणीही म्हणेल. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्येही मत असेच पडले. पण हा प्रश्न गेले काही महिने आमची पाठ सोडत नाही. कारण तो उलटा करून विचारला की जास्त अवघड होतो. ज्या देशाला जमीन, सैन्य आणि तुरुंग आहे, त्याची घटना तरी नेमकी कशाच्या बळावर चालते?

आधी खेळाविषयी थोडे सांगायला हवे. मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन कादंबरीकाराने नोव्हेंबर २००२ मध्ये ‘नेशनस्टेट्स’ हा संगणकावरचा खेळ सुरू केला. उद्देश साधा होता, येऊ घातलेल्या कादंबरीची जाहिरात. खेळणाऱ्याने एक देश काढायचा, त्याला नाव, ध्वज, चलन, अगदी राष्ट्रीय प्राणीसुद्धा द्यायचा. मग त्याच्यापुढे पेच येतात आणि जसा निर्णय घ्यावा तसा देश घडत किंवा बिघडत जातो. सुरुवातीला या देशांच्या संघटनेचे नाव ‘संयुक्त राष्ट्रे’ असेच होते. २००८ साली खऱ्या संयुक्त राष्ट्रांकडून हरकतीचे पत्र आले आणि नाव बदलून ‘जागतिक सभा’ करावे लागले. खोट्या राष्ट्रांची खऱ्या राष्ट्रांना दखल घ्यावी लागली, ही गंमत आम्हांला फार आवडली. पुढे या खेळातले अनेक देश एकत्र येऊन प्रदेश बनवू लागले आणि त्या प्रदेशांनी आपापल्या घटना लिहिल्या. निवडणुका, न्यायमंडळे, दुरुस्तीची कलमे, सगळे आले. हे करायला खेळाने कोणालाही सांगितले नव्हते.

आम्हांला हे कळले ते भाच्यामुळे. पळसदेव आमचे माहेर. बहिणीचा मुलगा तिथलाच, सध्या बारामतीला अभियांत्रिकी शिकतो. असाच खेळ खेळणारी वीस-बावीस मुले-मुली त्याच्या प्रदेशात आहेत, काही पुण्याची, काही केरळची, दोघे-तिघे परदेशातले. सुटीत घरी आला तेव्हा म्हणाला, “खाला, आमच्या देशाची घटना लिहायचं काम माझ्यावर आलंय. तुम्ही नागरिकशास्त्र शिकवता. सुरुवात कुठून करायची?”

त्याच्या मसुद्यात पहिले कलम ध्वजाचे होते. आम्ही म्हटले, ध्वज नंतर, नागरिक कोण ते आधी ठरवा. त्यावर तीन आठवडे वाद चालला. एकाच माणसाने चार नावांनी चार देश काढले तर मते किती? महिनाभर फिरकला नाही त्याचे नागरिकत्व राहते का? उशिरा आलेल्याला पहिल्या दिवसापासून मत द्यायचे की थांबवायचे? आमच्या पाठ्यपुस्तकात नागरिकत्वाचा धडा चार पानांत उरकतो. या मुलांना त्याची एकेक ओळ झोंबत होती.

खरी अडचण मात्र पुढे आली. या खेळात प्रदेशातल्या सदस्य-देशांचा सर्वांत जास्त पाठिंबा ज्याला मिळतो, तो प्रदेशाचा प्रतिनिधी होतो. बऱ्याच प्रदेशांत त्या प्रतिनिधीच्या हाती इतरांना प्रदेशाबाहेर काढण्याचा अधिकार असतो. हा अधिकार यंत्राने दिलेला आहे. मुलांनी लिहिलेली घटना यंत्राला ठाऊकच नाही. कागदावर “प्रतिनिधीने न्यायमंडळाच्या संमतीशिवाय कोणालाही काढू नये” असे लिहिले तरी त्याला कोणी अडवू शकत नाही. तो एका रात्रीत सगळ्यांना बाहेर काढून सकाळी एकटाच राजा होऊन बसू शकतो. असे सत्तापालट या खेळात वेगवेगळ्या प्रदेशांत झालेलेही आहेत. एका मुलीने सुचवले की उल्लंघनाबद्दल शिक्षेचे कलम घालू. दुसऱ्याने विचारले, शिक्षा अमलात कोण आणणार? उत्तर एकच होते. प्रतिनिधीच.

इथे आम्हांला खेळ खेळ वाटेनासा झाला. किल्ली ज्याच्या हातात आहे त्याने ती वापरायची नाही, एवढेच त्या सगळ्या कलमांचे सार होते. आणि जगातल्या कोणत्या घटनेचे सार याहून निराळे आहे? सैन्य ज्याच्या हुकमाखाली आहे त्याने निवडणूक हरल्यावर घरी जायचे, बहुमत ज्याच्याकडे आहे त्याने अल्पमताचे तोंड बंद करायचे नाही. तुरुंग आहेत, पोलीस आहेत, पण ते ज्याच्या आज्ञेत आहेत त्यालाच कागदाने बांधायचे आहे. त्याच्यावर दुसरा पोलीस नेमला, तर त्या दुसऱ्यावर कोण?

जमीन नसलेला देश ही कल्पना पळसदेवच्या माणसाला तशी परकी वाटू नये. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले आणि भीमेच्या काठचे जुने पळसदेव पाण्याखाली गेले. आज पुणे-सोलापूर रस्त्यालगत जे आहे ते नंतर वसलेले. पाणी फार आटले की पळसनाथाच्या जुन्या मंदिराचे बांधकाम वर येते, २०२४ च्या उन्हाळ्यातही आले होते, आणि लोक होड्यांतून, चिखलातून ते पाहायला जातात. पण जुन्या गावातली घरे, बोळ, पार, कबरी यांतले काही हाताशी उरले नसताना गाव गावच राहिले. कोण कोणाच्या शेजारी, कोणाचा मान आधी, कोणी कोणाच्या दुःखात जायचे, हे लोकांनी लक्षात ठेवले म्हणून ते राहिले. सरकारने प्लॉट दिले, पण गाव काही सरकारला देता येत नव्हते.

कागद आधी आणि सत्ता नंतर, असा प्रयोग आपल्या मराठी मुलखात एकदा खरोखर झाला आहे. तो इथून फार लांब नाही, सातारा जिल्ह्यातल्या औंधला झाला. औंध हे ७२ गावांचे, तुकड्या-तुकड्यांत विखुरलेले लहानसे संस्थान. भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे, स्वतः चित्रे काढणारे. १९३८ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचा विचार जाहीर केला. विलायतेत शिकून आलेला मुलगा अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू अभियंता यांनी या कामात पुढाकार घेतला. दोघे सेवाग्रामला गांधीजींकडे गेले आणि त्यांच्या सल्ल्याने मसुदा तयार झाला. जानेवारी १९३९ मध्ये औंधची स्वराज्य घटना अमलात आली. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुक्याची सभा, तालुक्यातून संस्थानचे विधिमंडळ. सत्ता खालून वर जायची अशी ती रचना होती.

एक हिंदू राजा, एक परदेशी ज्यू, एक बॅरिस्टर राजपुत्र आणि वर्ध्याजवळच्या झोपडीतला एक म्हातारा, असे हे घटनाकार. खेळातल्या मुलांच्या प्रदेशापेक्षा ही मंडळी कमी विजोड नव्हती. आणि राजाच्या हातात किल्ली होतीच. इंग्रज सरकारच्या लेखी संस्थानचा धनी तोच होता, पंचायती नव्हेत. उद्या मन फिरले असते तर कागद गुंडाळून ठेवायला त्याला कोणी अडवले नसते. त्याने तो गुंडाळला नाही.

त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंती नसलेली कैद्यांची वसाहत औंध संस्थानाने सुरू केली. ग. दि. माडगूळकर मूळचे त्याच मुलखातले. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला तो याच प्रयोगाच्या प्रेरणेने. आम्ही तो चित्रपट शाळेत मुलांना दाखवतो. मुले दरवेळी तोच प्रश्न विचारतात, “भिंत नाही, तर ते पळून का जात नाहीत?” ७२ गावांच्या राजालाही हाच प्रश्न लागू होता.

औंधची घटना नऊ वर्षे चालली. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि तिचे काम संपले. ती यशस्वी झाली की अयशस्वी, यावर अभ्यासकांनी लिहिले आहे. आम्हांला मात्र तिच्यातली एक गोष्ट खटकते. सगळे काही एका माणसाच्या भलेपणावर उभे होते. राजा भला निघाला हे नशीब. नशीब म्हणजे घटना नव्हे.

मग वचन पाळणे हे भलेपणापेक्षा वेगळे आहे का? आम्हां मुस्लिमांच्या इतिहासात यावर विचार करायला लावणारी एक हकीकत आहे, आणि ती आमच्या मिलादच्या जलशांत जितक्या वेळा सांगितली जाते तितका तिच्यावर विचार होत नाही. हिजरीचे सहावे वर्ष, इ. स. ६२८. हुदैबिया इथे पैगंबर आणि मक्केचे कुरैश यांच्यात तह होत होता. कुरैशांच्या वतीने सुहैल बिन अम्र बोलत होता. एक कलम असे की मक्केतून कोणी आपल्या पालकाच्या परवानगीशिवाय मुस्लिमांकडे आला तर त्याला परत पाठवायचे, मुस्लिमांकडून कोणी तिकडे गेला तर मात्र परत द्यायचा नाही. उघडच एकतर्फी. लिखाण चालू असतानाच साखळदंडांत जखडलेला अबू जंदल धडपडत तिथे आला. तो मुस्लिम झाला होता म्हणून त्याला डांबले होते, आणि डांबणारा त्याचा बाप म्हणजे समोर बसलेला हाच सुहैल. सुहैल म्हणाला, तहाचा पहिला माणूस हा, याला परत द्या. पैगंबरांनी त्याला सोडण्याची विनंती करून पाहिली. सुहैलने मानले नाही. अबू जंदलला धीर धरायला सांगून परत पाठवण्यात आले. हजरत उमर यांच्यासारख्या माणसाला ते असह्य झाले.

बळ तर मुस्लिमांकडे होते. दीड हजाराच्या आसपास माणसे सोबत होती, समोर वाटाघाटीला आलेला एक बाप आणि त्याची चार माणसे. हात पुढे करून त्या तरुणाला ठेवून घेणे अशक्य नव्हते. त्या क्षणी भलेपणा एकीकडे ओढत होता आणि दिलेला शब्द दुसरीकडे. आम्ही ही हकीकत वर्गात सांगतो तेव्हा मुले अबू जंदलच्या बाजूची असतात, आणि त्यांनी तसे असावे असे आम्हांला वाटते. शब्द पाळण्याची किंमत दुसऱ्याच कोणाच्या पायातल्या बेडीने चुकवली गेली, हे झाकून ठेवून वचनपालनाचे गोडवे गाणे सोपे आहे. सूरह माइदाची सुरुवातच करार पूर्ण करण्याच्या आज्ञेने होते. ती आज्ञा किती जड आहे हे त्या दिवशी दिसले.

पण हकीकत तिथे संपत नाही, आणि आमचे वाइझ बहुधा पुढचा भाग घाईने सांगतात. काही काळाने मक्केतून मुस्लिम झालेल्या स्त्रिया मदीनेला आल्या. त्यांच्या घरच्यांनी त्यांना परत मागितले. तेव्हा सूरह मुम्तहिनामध्ये आदेश आला की ईमानाची खात्री पटलेल्या स्त्रियांना परत पाठवू नये. म्हणजे ज्या तहासाठी अबू जंदलला परत जावे लागले, त्याच तहाच्या कक्षेतून स्त्रिया बाहेर राहिल्या. आणि पुढे अबू जंदल व अबू बसीर यांच्यासारख्या माणसांनी समुद्रकाठी ठाण मांडून कुरैशांच्या काफिल्यांना इतके सतावले की ते एकतर्फी कलम काढून टाका, अशी विनंती कुरैशांनाच करावी लागली. कागद पाळला गेला आणि कागद बदललाही. पाळला गेला नसता तर बदलण्यासारखे काही उरलेच नसते.

याच्या सहा वर्षे आधी मदीनेत झालेला करार, ज्याला आपण मीसाक-ए-मदीना म्हणतो, तो जगातली पहिली लिखित राज्यघटना होय असे डॉ. मुहम्मद हमीदुल्लाह यांनी मांडले. तो एकच दस्तऐवज की अनेकांची जुळणी, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण आम्हांला या संदर्भात खुद्द हमीदुल्लाह आठवतात. १९०८ साली हैदराबादेत जन्मलेला हा विद्वान १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानाच्या शिष्टमंडळाबरोबर परदेशी गेला, आणि तो तिकडे असतानाच ते राज्य संपले. त्याने नंतर कित्येक दशके पॅरिसमध्ये कोणत्याच देशाचा नागरिक न होता काढली. २००२ साली अमेरिकेत वारला. निजामाच्या त्या राज्याबद्दल आमच्या मनात मुळीच हळहळ नाही, मराठवाड्यातल्या कोणत्याही म्हाताऱ्याला विचारावे. पण ज्याला देश नाही अशा माणसाने पहिल्या राज्यघटनेचा ध्यास घ्यावा, यात काहीतरी आहे.

त्या मदीनेच्या करारात आरंभीच कोण कोण सामील आहे ते टोळीवार मोजले आहे. बनू औफ या टोळीतले ज्यू हे ईमानवाल्यांबरोबर एक उम्मत आहेत, ज्यूंना त्यांचा दीन आणि मुस्लिमांना त्यांचा, असे त्यात आहे. म्हणजे इथेही पहिला प्रश्न तोच, आपण म्हणजे कोण?

२६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रातल्या शाळांत राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन सक्तीचे झाले. आमच्या मुलांची उद्देशिका उर्दूत आहे, ती ‘हम’ या शब्दाने सुरू होते. मराठीच्या तासाला आम्ही तीच मराठीतून वाचली, तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, “टीचर, इथं ‘आम्ही’ आहे. ‘आपण’ का नाही?” उर्दूत एकच ‘हम’ आहे. मराठीत ‘आपण’ म्हटले की ऐकणारा आत येतो, ‘आम्ही’ म्हटले की तो बाहेर राहतो. मग “आम्ही, भारताचे लोक” असे म्हणताना समोर बाहेर कोण उभे आहे? आम्ही तिला सांगितले की १९३५ चा भारत सरकार कायदा लंडनच्या पार्लमेंटने केला होता, आता तसे नाही, हे त्या ‘आम्ही’त आहे. राज्य करणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून ते आहे. मुलीचे समाधान झालेले दिसले नाही. तिचे बरोबर होते. ‘आम्ही’ म्हणणाऱ्याला कधी कळत नाही की त्याने कोणाला बाहेर ठेवले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते कळत होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना त्यांनी ग्रामराज्याच्या कल्पनेवर कडक टीका केली आणि मसुद्याने गाव सोडून व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. गावाच्या ‘आम्ही’मध्ये वेशीबाहेरची वस्ती कधी धरली होती? औंधच्या पाच पंचांनाही हा प्रश्न विचारावा लागेल. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की घटनात्मक नीती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते. आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बजावले की घटना कितीही चांगली असली तरी राबवणारे वाईट असतील तर ती वाईटच ठरेल. ३९५ कलमे लिहून झाल्यावर ज्याने ती लिहिली तोच माणूस हे सांगत होता. पंचायतींचा मुद्दा के. संथानम यांच्या दुरुस्तीने ४० व्या कलमात आला, १९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीने तो पक्का झाला, आणि महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत.

त्या घटना समितीत एकच मुस्लिम स्त्री होती, बेगम एजाज रसूल. धर्माच्या आधारावर राखीव जागा नकोत, असे त्यांनी ठामपणे मांडले. बहुसंख्याकांच्या सदिच्छेवर विसंबण्याचा तो निर्णय होता. तो योग्य होता का, यावर आमच्याच घरांत दोन मते आहेत, आणि गेल्या काही वर्षांतले वारे पाहता दुसऱ्या मताचे लोक वाढले आहेत. आम्ही अजून बेगमसाहेबांच्या बाजूचे आहोत. अल्पसंख्याक माणसाला किल्ली दुसऱ्याच्या हातात आहे हे रोज ठाऊक असते, म्हणून कागदाची किंमत त्याला अधिक कळायला हवी. पण मग त्याच्या स्वतःच्या हातात जिथे किल्ली असते, तिथे तो काय करतो हेही पाहावे लागते.

भाच्याने मसुद्यासाठी नमुना म्हणून एका गावच्या जमातीची घटना मिळवली होती. गावाचे नाव इथे नको. नीट टाइप केलेली, नोंदणीकृत, कलमवार. उद्देश, हिशेब, तपासणी, सगळे व्यवस्थित. सभासदत्वाचे कलम असे की गावात राहणारा प्रत्येक सज्ञान मुस्लिम पुरुष सभासद होईल. वर्गणी मात्र घरटी आहे. ज्या घरात पुरुष नाही त्या घरूनही ती घेतली जाते, आणि पावती त्या बाईच्याच नावाने फाडली जाते. त्याच गावातल्या दोन मुस्लिम स्त्रिया ग्रामपंचायतीवर निवडून गेलेल्या आहेत. गावाच्या पाण्याचा ठराव त्यांच्या सहीने होतो. कबरस्तानच्या कुंपणाच्या सभेत त्यांना बसता येत नाही. भाच्याच्या प्रदेशाने पंधरा दिवस भांडून ‘पैसे देईल त्याला मत असेल’ असे कलम केले होते, ते त्याने आम्हांला दाखवले आणि काही बोलला नाही.

जमातीच्या घटनेत दुरुस्तीचे कलम आहे. दुरुस्तीचा अर्ज दोन सभासदांच्या सहीने, सभेच्या पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, आणि हजर सभासदांपैकी दोनतृतीयांश लोकांची संमती लागते. म्हणजे अर्जावरची सही पुरुषाचीच हवी. पावती फाडणाऱ्या त्या बाईने स्वतः घरोघर जाऊन विचारायला सुरुवात केली आहे. सर्वसाधारण सभा रमजाननंतर आहे. एक सही मिळाली आहे.